ब्रेकला बांधलेला नारळ

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
सोमवार

ती. सूर्यकांतदादांना विष्णूचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा या थंडीत कसा आहे? वहिनींचा खोकला? इकडे तुमची बहीण पद्मजा ठणठणीत आहे, मी तेवढा ठीक नाही. (डॉक्टर म्हणतात काही झालेलं नाही. डॉक्टरांना मुलगी नाही.) कऱ्हाडच्या डेपोत तुम्ही तीस वर्षं एसटीचे ब्रेक दुरुस्त केलेत आणि आमची तनया दर सुट्टीत तिथे ग्रीस फासून हिंडायची. तेव्हाच दोन धपाटे घालून तिला घरी पिटाळली असतीत, तर आज ही वेळ आली नसती. राग मानू नका, पण हे सगळं तुमचंच करून ठेवलेलं आहे.

मानेसरला ट्रकच्या कारखान्यात ती ब्रेक तपासते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. (कॉलनीत मी 'क्वालिटीमध्ये आहे' एवढंच सांगतो.) आता वीस तारखेला तिला भरल्या ट्रकात बसून चढावर कसलीशी टेस्ट घ्यायची आहे. हे कळल्यापासून मला अन्न गोड लागत नाही. त्यात समजलं की ते ब्रेक चालतात हवेवर. दादा, हवेवर! आणि तीही इथली हवा! जी आम्ही मास्क लावून घाबरत घाबरत आत घेतो, तिच्या भरवशावर पंचवीस टन माल थांबणार? मी हे बोलून दाखवलं तेव्हा तनयाने कपाळाला हात लावला आणि परवा शनिवारी आम्हा दोघांना कारखाना दाखवायलाच नेलं.

तिने समजावलं ते असं. इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर हवा दाबून गाडीखालच्या टाक्यांत भरतो. पेडल दाबलं की ती हवा चाकांपाशी धावते आणि ब्रेक लागतो. इथवर ठीक. पण मागच्या चाकांपाशी एक दांडगी स्प्रिंगही असते, आणि ब्रेक आवळून धरणं हा तिचा जन्माचा स्वभाव. तिला मागे रेटून ठेवते ती हवाच. म्हणजे हवा आहे तोवर गाडी मोकळी, हवा गेली की गाडी जागेवर. मी मान डोलावली. (मिनिस्ट्रीत एकतीस वर्षं हेच केल्यामुळे मला पटलेलं नाही हे पोरीला कळलं नाही.)

मंडळी चहाला गेली तेव्हा मी मागे राहिलो. पिशवीत लाल फडक्यात गुंडाळलेला नारळ होता, पद्मजाच्या नकळत आणलेला. नव्या गाडीला आपण नारळ फोडतो, पण तिथे कोण फोडू देणार? म्हणून बांधायचा ठरवला. ट्रकखाली वाकून पाहिलं, तर एका टाकीच्या बुडाशी कडी लावलेली छोटी दोरी लोंबत होती, अगदी आयती. नारळ तिला अडकवला आणि हेलकावे खाऊ नये म्हणून फायलीच्या फितीने बाजूला ताणून पक्की गाठ मारली. (माझी गाठ सुटत नाही. त्या गाठीखालच्या काही फायली अजून सुटलेल्या नाहीत.) बारीक फुस्स असा आवाज आला. मला वाटलं, गाडीला नारळ मानवला.

मग तनयाने आम्हाला केबिनमध्ये चढवलं. ड्रायव्हर संग्रामने गाडी काढली, गेटचा चढ निम्मा चढलो आणि कुठलासा बझर किंचाळायला लागला. पाठोपाठ असा हिसका बसला की माझा चष्मा पद्मजाच्या मांडीवर. मी 'ब्रेक फेल! मेलो, मेलो!' म्हणून जो टाहो फोडला, तो ऐकून गेटवरचा गार्ड पळाला. पद्मजा म्हणाली, "अहो, फेल झाला असता तर आपण मागे गेलो असतो. हा तर हलतच नाहीये." खरंच हलत नव्हता. मागे सात ट्रक भोंगे वाजवत होते, त्यांच्या मागे मोठ्या साहेबांची गाडी. तनया चाकांना ठोकळे लावून खाली शिरली आणि नारळ घेऊन बाहेर आली. टाकीत साचलेलं पाणी काढायची ती दोरी. मी ती ताणून ठेवली आणि पाण्याबरोबर सगळी हवाही गेली. कुणी बांधलं, हे तिने विचारलं नाही, फीत ओळखीची होती. "बाबा, यार," एवढंच म्हणाली. लाज वाटली, दादा. फार वाटली.

बाकी सारं ठीक. वहिनींना नमस्कार.

आपला,
विष्णू

ता. क. खरं कारण लिहायचं राहिलं. ती फक्त तुमचं ऐकते. वीस तारखेच्या आत फोन करून 'जाऊ नको' म्हणा. गुडघ्याचं निमित्त काढून कऱ्हाडला बोलावून घेतलंत तरी चालेल. मी सांगितलं असं मात्र सांगू नका.

ता. ता. क. चिकटवलेलं पाकीट पद्मजाने फोडून वाचलं आणि मला समोर बसवून समजावलं. वीस तारखेची टेस्ट म्हणजे भरल्या ट्रकातली हवा चढावर मुद्दाम सोडायची आणि तो उभा राहतो का ते पाहायचं. मी फुकटात केलं तेच. केबिनमध्ये ब्रेक तपासल्याची चिठ्ठी टांगलेली होती म्हणे. (मी डोळे मिटून होतो, पद्मजाने वाचली.) तिच्यावर सही तनयाची. मी मेलो मेलो ओरडत होतो, तेव्हा त्या चढावर आम्हाला आमच्या पोरीच्या कामाने धरून ठेवलं होतं. म्हणून दादा, फोन कराच, पण 'जाऊ नको' नका म्हणू. 'जा' म्हणा. मी सकाळपासून दोनदा तिच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन आलो, माझ्याच्याने म्हणवत नाही.