झोश्काच्या आधी लावलेली साठ रोपं

मी, सेवेरिन रादझेविच, वय सत्तावीस, मूळ राहणार ओल्शांका, सुवाल्कीच्या उत्तरेला, सध्या नॉर्वेत माशांच्या पिंजऱ्यांवर मजूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाचा दबाव नाही. डोकं ठिकाणावर आहे. प्यायलेलो नाही. शाळा अर्ध्यात सोडल्यामुळे चुका असतील, पण अक्षर माझंच आहे हे ताई ओळखेल.

कारण असं की सोमवारपासून हिवाळाभर आम्हाला बाहेरच्या समुद्रातल्या पिंजऱ्यांवर पाठवणार आहेत. मुकादमाने फॉर्म दिला. त्यात ‘काही झाल्यास कोणाला कळवावे’ असा रकाना होता. मी आईचं नाव लिहिलं. मग खोडलं. आई मे महिन्यात गेली.

१. आईच्या पश्चात ओल्शांकाचं घर आणि मागची बाग निम्मी माझी, निम्मी युस्तिनाताईची झाली. माझा हिस्सा ताईलाच. दफनानंतरच्या जेवणातून उठून दाजींनी गॅरेज बांधायला बागेत मोजपट्टी धरली होती, हे मी खिडकीतून बघितलं आहे. गॅरेजला माझी परवानगी नाही. मेल्यावरही नाही.

२. बँकेत जे असेल ते ताईला. त्यातून आईच्या कबरीवर दगड बसवावा. साधा. देवदूत नको.

३. चाकू आणि धार लावायचा दगड खोलीतल्या रिमासला, त्याला धार कळते. रबरी बूट स्लावेकला. स्लावेक आत्ता माझ्या खाटेवर बसून सॉसेज खातो आहे. विचारतो, “मरणार कधी आहेस? माझे बूट आत्ताच गळतायत.” मी म्हणालो, “सोमवारनंतर बघू.” तो म्हणाला, “तुझे पाय बायकी आहेत, बूट मला बसायचेही नाहीत.” तरी बूट त्यालाच.

४. बाग. हे कलम मोठं आहे, ताईने नीट वाचावं.

आमच्याकडे दोन तारखांच्या मधे जेवढे दिवस मिळतात तेवढीच बाग. वसंतात शेवटचं दव कधी गोठलं आणि शरदात पहिलं कधी, हे आई अवजारांच्या खोलीच्या दारावर आतल्या बाजूने पेन्सिलीने लिहायची. एकतीस वर्षांच्या तारखा आहेत. दाराला रंग देऊ नये.

बर्फ गेला की वाटाणा, कांदा, पालक लावावा, त्यांना थंडी बाधत नाही. बटाटा एप्रिलच्या शेवटी. कोंब वर आल्यावर थंडीची चाहूल लागली तर माती ओढून झाकावेत. घेवडा, काकडी, भोपळा, टोमॅटो मात्र झोश्का गेल्यावरच. बारा, तेरा, चौदा मे हे तीन थंड माळी आणि पंधराला थंड झोश्का. चौघंही संत, त्यांच्या दिवसांत थंडी एकदा परत येते, पण आई त्यांच्याबद्दल भाडेकरूंसारखं बोलायची. खिडकीतल्या रोपांना सांगायची, “ते तिघं पुढं येतात, झोश्काबाई मागून येतात. त्या जाईपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही, सांगून ठेवते.”

थंडी पाण्यासारखी उताराने खाली येते आणि खालच्या दगडी कुंपणाशी साचते. म्हणून खालच्या वाफ्यात फक्त कोबी आणि गाजर. टोमॅटो वर, घराच्या दक्षिणेच्या भिंतीशी. सप्टेंबरच्या मध्याला आभाळ निरभ्र झालं आणि वारा पडला की हिरवे टोमॅटोसुद्धा तोडावेत, वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटाच्या खणात ठेवावेत. एकेक करत नाताळपर्यंत पिकतात. कोबीला थंडी लागू द्यावी, गोड होतो.

हे सगळं मला लहानपणापासून माहीत होतं. पुढच्या कलमासाठी हे नोंदवून ठेवतो.

५. यंदा मे महिन्यात मी दहा दिवस सुट्टीवर होतो. मला नुसतं बसवत नाही. बारा तारखेला रविवार होता, आई चर्चला गेली. तेराला माझं विमान होतं. फोनवर हवामान बघितलं, आठवडाभर चांगलं दाखवत होतं. फोन शहराचं सांगतो, आमच्या कुंपणाचं नाही. मी टोमॅटोची साठच्या साठ रोपं खिडकीतून उचलून लावून टाकली. खालच्या वाफ्यात, कारण तिथली माती भुसभुशीत होती.

आई चर्चचे बूट न काढताच बागेत आली.

“लावलीस?”

“लावली. तू उगाच भितेस. तुझ्या झोश्काला आता कोण विचारतं?”

“बरं,” ती म्हणाली. “मग चादरी काढून ठेवते.”

दुपारी मी बॅग भरत होतो तेव्हा कुंपणापलीकडून रेगिनाकाकू ओरडल्या, “अगो गेनोवेफा! झोश्काच्या आधी? तू? सूर्य पश्चिमेला उगवला काय गं?”

आई म्हणाली, “हात शिवशिवत होते. मीच लावली.”

मी खिडकीत होतो. मला ऐकू आलं. मी चेन ओढली आणि बॅग बंद केली.

चौदाच्या पहाटे दव गोठलं. आईने चादरी, पडदे, बादल्या, दुधाचे कॅन, हाताला लागेल ते घेऊन चव्वेचाळीस रोपं झाकली. सात वाजता रेगिनाकाकूंना ती कुंपणाला टेकून बसलेली सापडली. डॉक्टर म्हणाले, हृदय. उरलेली सोळा काळी पडली होती.

ताईचा फोन आला तेव्हा मी जाळी धूत होतो. ती म्हणाली, “आईनं झोश्काच्या आधीच रोपं लावली रे. तिला तारखा कळेनाशा झाल्या होत्या. मी दर महिन्याला जात होते आणि माझ्या लक्षात आलं नाही.”

मी म्हणालो, “हं.”

दफनाला गेलो तेव्हाही ती तेच म्हणाली. रेगिनाकाकू म्हणाल्या, “आयुष्यभर अख्ख्या गावानं तिचं बघून रोपं लावली, आणि शेवटी बघा.” मी सूप पीत होतो. तेव्हाही मी हं म्हणालो.

रडू आलं नाही, अजून आलेलं नाही. हे तक्रार म्हणून नाही, नोंद म्हणून.

६. तरी मी जाहीर करतो की माझी आई, गेनोवेफा रादझेविच, शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण शुद्धीवर होती. तिला सगळ्या तारखा पाठ होत्या. रोपं मी लावली. ताईच्या नजरेतून काहीही सुटलेलं नाही, कारण सुटण्यासारखं काही नव्हतंच.

७. दारावर या वर्षीची वसंताची जागा रिकामी आहे. तिथे ताईने लिहावं : चौदा मे. पुढे माझं नाव.

८. वाचलेल्या रोपांचे, खणातले पिकलेले टोमॅटो निम्मे रेगिनाकाकूंना, एका अटीवर. सहावं कलम त्यांनी रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर सांगावं. चर्चच्या घंटेआधी बातमी पोचवणारं गावात दुसरं कोणी नाही.

९. स्लावेक मघापासून खांद्यावरून वाचतो आहे. म्हणाला, “गाढवा, मृत्युपत्र मेल्यावर उघडतात. तू म्हातारा होऊन मेलास तर तोवर तुझी बहीण काय करणार?”

त्याचं बरोबर आहे. मी सोमवारी बुडेनच असं नाही. म्हणून पहिली तीन कलमं माझ्या मरणानंतर लागू व्हावीत, चारपासून आठ आजपासून. हा कागद पेटीत ठेवत नाही. उद्याच्या बोटीने ताईला पाठवतो.

ताई, वाचलंस की फोन कर. मी उचलेन. या वेळी हं म्हणणार नाही.

सही : सेवेरिन रादझेविच
ठिकाण : मजुरांची बराक, खोली चार, उत्तर नॉर्वे
तारीख : २ नोव्हेंबर २०२४

साक्षीदार (हाताने लिहिलेल्याला लागत नाहीत म्हणे, तरी असू देत) :

१. स्लावोमिर पिएत्कुन. आमच्यासमोर लिहिलं. शुद्धीत होता. बूट मला नकोत, त्यानेच वापरावेत.

२. रिमास यानुलिस. मला त्यांची भाषा वाचता येत नाही. पण तो चार तास लिहीत होता, आणि मधे एकदाही उठला नाही, हे मी पाहिलं.