घरच्या पत्त्याची चौकशी

मखमलाबाद, नाशिक
४ फेब्रुवारी २०२५

चि. तेजस्विनीस, अ. आ.

...आणि काल सकाळी झेंडू तोडून झाला, म्हशीला पाणी दाखवलं, अंगण झाडायला घेतलं, एवढ्यात मोटारसायकलवर एक माणूस आला. तेजस्विनी इथेच राहते का, म्हणून विचारू लागला. राहत नाही, असं सांगितलं. दाराचा फोटो काढून गेला. खोटं काही बोलले नाही, तू पुण्यात राहतेस.

रंगनाथ सरांच्या ऑफिसात तुम्ही पाचच जण, पण डबा एकत्र खाता, याचं मला बरं वाटतं. वेळेवर जेवत जा.

माया आहेच.
आई

पुणे
१३ फेब्रुवारी २०२५

ती. आईस सा. न.

फोनवर विचारलं असतं तर कुकर लावलाय म्हणून तू फोन ठेवला असतास. म्हणून कुंदनमामाच्या हाती पत्र देतेय.

तो माणूस बंगळूरच्या कंपनीसाठी माझा कायमचा पत्ता तपासायला आला होता. मोठ्या कंपन्या नोकरी पक्की करण्याआधी असं करतात. 'दिलेल्या पत्त्यावर राहत नाही' असा शेरा आलाय. सोमवारपर्यंत बदलला नाही तर नोकरी गेली. इथला राजीनामा देऊन झालाय, सरांनी दुसरी मुलगी घेतलीय.

सर वाईट नाहीत. पण बाबांच्या दहाव्याला मी लॅपटॉप उघडून बसले होते, कारण ऑफिसचं सॉफ्टवेअर माझ्याशिवाय कुणाला कळत नव्हतं. मोठ्या ठिकाणी मी चार दिवस नसले तरी काम चालेल. मला तेच हवंय.

त्याने तुला काही कागद दाखवला नाही का? खरं लिही. रागावले नाहीये, घाबरलेय.

तुझीच,
तेजू

मखमलाबाद, नाशिक
१६ फेब्रुवारी २०२५

चि. तेजूस, अ. आ.

कागद हातात दिला होता. वर तुझं नाव, कंपनीचं नाव, बंगळूर. खाली त्या तपासणीवाल्यांच्या नाशिक रोडच्या ऑफिसचा पत्ता. तेवढं वाचायला शिकलेय मी. वाचलं, आणि मगच नाही म्हटलं.

बाबा गेले तेव्हा सरांनी स्वतः गाडी चालवत तुला आणलं. त्या एवढ्या मोठ्या ऑफिसातून तुला कोण आणील, हेच मनात आलं. दहाव्याला तू लॅपटॉपसमोर रडत होतीस. बापासाठी रडतेस असं मी समजले.

माझं चुकलं. तू लांब गेलीस की घर मला खायला उठेल, पण ते माझं मी बघेन. राग धरू नकोस, येत जा.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. दुसऱ्या दिवशी रेशनकार्ड घेऊन मी नाशिक रोडच्या त्या ऑफिसात गेले, आणि तेजस्विनी माझी मुलगी, घर तिचंच, असं माझ्या हाताने लिहून सही केली.

तुझी आई