उन्हाच्या खोलीत कोणी झोपू नये

मी, खाली सही करणारा, धंद्याने काचकाम करणारा आणि आता निवृत्त, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्या दडपणाखाली न येता आणि पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवत आहे. शुद्धीवर असल्याचे सगळेच लिहितात. मी त्याला डॉक्टरांचा दाखलाही जोडला आहे, कारण घरात सध्या माझ्या डोक्याविषयी दबक्या आवाजात बोलणे चालते आणि माझे कान अजून चांगले आहेत. याआधीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे.

कलम १. घर. माझे राहते घर माझ्या एकुलत्या एका मुलाला मिळावे, पण एका अटीवर. घराच्या मागच्या अंगाला असलेल्या उन्हाच्या खोलीत माझ्यामागे कोणी एक रात्रही झोपू नये, आणि मी गेल्यावर ती लगेच पाडून पूर्वीसारखी फळ्यांची, हलकी करावी. ही अट पाळली नाही तर घर मुलाला न मिळता थेट माझ्या नातीला मिळावे. वकील म्हणाले, नुसती अट लिहा, मृत्युपत्रात हकिकत नसते. पण हकिकत कळल्याशिवाय आमच्या घरात कोणी अट पाळणार नाही, म्हणून लिहितो.

ती खोली मी बायकोसाठी बांधली. लाकडी चौकट, एकेरी काच, खाली फळ्या आणि फळ्यांखाली लाकडी ठोकळे. वर्षातले काही महिनेच ती सुखाची असे. एरवी उन्हाळ्यात भट्टी आणि थंडीत गारठा. बायको तिथे केस वाळवत बसायची. "ही खोली पाहुणी आहे, हिच्यावर बिऱ्हाड लादू नका," असे ती गमतीने म्हणायची. मी मात्र ती जाणूनबुजून हलकी ठेवली होती. आमचे वडील गवंडी होते, आणि त्या जागेखाली त्यांचा कळीचा चुना भिजवायचा खड्डा आहे, चांगला दोन पुरुष खोल. सिमेंट आल्यावर वडिलांनी तो हाताला लागेल त्याने बुजवला. फुटकी कौले, पोती, लाकडाचा भुसा, एक जुनी गादीसुद्धा त्यात गेली. मी स्वतः घमेली वाहिली आहेत. माझा धाकटा भाऊ तेव्हा रांगत होता.

गेल्या वर्षी मांडीचे हाड मोडून मी दवाखान्यात पडून होतो. मुलाने आणि धाकट्याने, जो वडिलांसारखाच गवंडी झाला, मला चकित करायचे ठरवले. घरी आलो तर उन्हाची खोली बारमाही झालेली. फळ्या गेल्या, त्या जागी काँक्रीट आणि फरशी. कमरेपर्यंत विटांची भिंत, वर दुहेरी काच, छताला गारठा अडवणारा जाड थर, कोपऱ्यात हीटर, आणि शेजारी नवी न्हाणी, जिचे पाणी तिथेच जमिनीत मुरते. खोटे कशाला बोलू, खोली फार सुखाची झाली आहे. बाहेर हात काकडतात आणि आत माणूस बनियनवर बसतो. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी विचारले, खाली काय केलेत? धाकटा म्हणाला, "खाली काय करायचंय, जमीनच आहे."

खड्डा अंगणाच्या दुसऱ्या टोकाला होता, असे तो छातीठोकपणे सांगतो. मी काही बोललो की घरच्यांना त्यात जुने वैर ऐकू येते. भिंत सरळ आहे का ते बघायचा वडिलांचा पितळी ओळंबा त्यांनी गवंडी झालेल्या मुलाला न देता मला दिला, तेव्हापासून आमचे बिनसलेले आहे. बाहेरचा इंजिनियर आणून दाखवू या असे मी मुलाला सुचवले. "काका घरात असताना बाहेरचा माणूस आणायचा म्हणजे त्यांच्या तोंडात मारण्यासारखंच की," असे तो म्हणाला आणि विषय संपला.

कलम २. काचेच्या पट्ट्या. घर आणि खोली जिथे जुळतात तिथे पावसाळ्यात तडा गेला. धाकट्याने तो बुजवून वर रंग दिला. तडा पुन्हा आला. अशा तड्यावर आडवी काचेची पातळ पट्टी चिकटवायची, हे वडिलांनी आम्हा दोघांना शिकवले होते. नुसता गिलावा वाळून तडा गेला असेल तर पट्टी शाबूत राहते. भिंत सरकत असेल तर तुटते, कारण काच वाकत नाही. पहिली पट्टी तुटली ती सूनबाईने केरात लोटली. दुसरी तुटली ती मी डब्यात ठेवली आहे. तिसरी माझ्या उशाशी भिंतीवर आहे आणि अजून शाबूत आहे. डबा मुलाला द्यावा, आणि त्याने तो माझ्या कपाटात लपवून न ठेवता जेवायच्या टेबलावर ठेवावा.

कलम ३. माझा पलंग. माझी नात बाळंत झाली. घरातली सगळ्यात उबदार खोली म्हणून उन्हाची खोली तिला आणि बाळाला द्यायची, असे सर्वांच्या मते ठरले. मी नको म्हणालो. कोणी ऐकेना. शेवटी मी माझा पलंग ओढत नेऊन तिथे टाकला आणि सांगितले, ही खोली माझी. म्हातारा शेवटी शेवटी हावरट झाला, असे सूनबाई तिच्या बहिणीला सांगत होती. नात फोनवर म्हणाली, "आजोबा, तुम्हालाच राहू दे. मी नाही मनावर घेत." हे मला फार लागले. लहानपणी तिला खांद्यावर बसवून मी त्याच खोलीच्या वरच्या काचा पुसून घेत असे. म्हणून तिच्यासाठी इथे स्पष्ट लिहितो: बाळा, मला ती खोली नको आहे. पाठ टेकली की मला भीती वाटते. हल्ली रात्री फरशीखालून काहीतरी हळूहळू ओतल्यासारखा आवाज येतो. पण पलंग एकदा रिकामा झाला की त्यावर तू येशील, म्हणून मी तिथे झोपतो. पलंग माझ्यामागे कोणालाही द्यावा, फक्त त्या खोलीत ठेवू नये.

कलम ४. बँकेत जे काही शिल्लक असेल ते आणि काच कापायचा माझा हिरा नातीला. ती काच कापणार नाही हे मला माहीत आहे. शिडी शेजारच्या निवृत्त पोस्टमनने मागेच नेली आहे. ती परत मागू नये, तो देणार नाही.

कलम ५. धाकटा. माझ्या भावाला मी या मृत्युपत्राने काहीही देत नाही. त्यात राग नाही. साक्षीदाराने मृत्युपत्रातून काही घेऊ नये असे वकील सांगतात, आणि मला साक्षीदार म्हणून तोच हवा आहे. सही माझ्यासमोर करावी लागेल, आणि मी उन्हाच्या खोलीतून हलणार नाही. बुजवलेला तडा पुन्हा आल्यापासून तो त्या खोलीत एकदाही आलेला नाही. ओळंबा मी सहीच्या आधी, जिवंतपणीच, त्याच्या हातात देणार आहे. तो त्याचाच होता.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि तो मला मान्य आहे.

ठिकाण: उन्हाची खोली
दिनांक: नात बाळाला घेऊन यायच्या आदला दिवस
सही: काचकाम करणारा

साक्षीदार पहिला: शेजारचा पोस्टमन, निवृत्त
साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ, गवंडी

सहीनंतर जोडलेली नोंद, माझ्याच अक्षरात.

दुसऱ्या साक्षीदाराची सही मधेच तुटलेली दिसेल. तिच्याविषयी कोर्टात कोणी शंका घेऊ नये. पोस्टमन सही करून चहाला आत गेला होता. धाकट्याने ओळंबा घेतला, खिशात घातला, खुर्चीवर बसून सही सुरू केली आणि माझ्या उशाशी टिक असा आवाज झाला. काय तुटले हे मला त्याला सांगावे लागले नाही. तो कागद घेऊन उठला आणि उरलेली अर्धी सही त्याने उंबऱ्यापलीकडे, जुन्या घराच्या भिंतीला कागद टेकवून, माझ्या डोळ्यांदेखत केली.

कागद परत द्यायलाही तो आत आला नाही. दारातूनच हात लांब करून म्हणाला, "दादा, बाहेर ये."

मी म्हणालो, "तू हे आत जाऊन सगळ्यांसमोर सांग. मग येतो."

तो अंगणात गेला. काचेतून मला दिसतो आहे. ओळंबा खिशातून काढून हातात धरला आहे, पण भिंतीला लावून बघत नाही. सूनबाई दोनदा दारात येऊन गेली. तिच्या हातात बाळाची दुपटी आहेत आणि ती ठेवायला जागा शोधते आहे. म्हणून मी पलंगावरच बसून आहे.