मोठ्या माशासाठी योग्य जाळं

२१ जानेवारी १९९६, रविवार. संध्याकाळी.
आजचा दिवस लिहून ठेवायलाच हवा. सरगूरच्या पुढे, कपिला नदीवर, आमच्या नेहमीच्या वळणावर मालोजीरावांच्या गळाला महसीर लागला. लहानसहान नव्हे. काठाजवळ आला तेव्हा मला आधी वाटलं पाण्यातून लाकडाचा ओंडका येतोय. मालोजीरावांनी त्याला बराच वेळ खेळवून दमवलं, अगदी माझ्या पायाशी आणला. लँडिंग नेट, म्हणजे दमलेला मासा उचलून घ्यायचं दांड्याचं जाळं, माझ्या हातात. मी खुपसलं. जाळ्याचं कडं दोरीला लागलं, दोरी तुटली, मासा गेला.
कारण स्पष्ट आहे. जाळं लहान होतं. मासा त्यात मावलाच नसता.
परत येताना मालोजीराव गाडीत एक शब्द बोलले नाहीत. जाळ्याचाच विचार करत असणार.

२२ जानेवारी. ऑफिस.
संकल्प: नवीन लँडिंग नेट. शास्त्रशुद्ध. मोठ्या नदीतल्या मोठ्या माशासाठी बाजारात योग्य जाळंच नाही, हे माझं मत आहे. आजवर कुणी या प्रश्नाकडे गंभीरपणे पाहिलेलं दिसत नाही. फाइल उघडून त्यात चार मुद्दे काढले: कडं, पिशवी, भोकं, दांडा. मॅनेजर आले तेव्हा पॉलिसीचं काम करतोय असं वाटलं त्यांना.
घरी बायकोला, कमलाक्षीला, सांगितलं. ती म्हणाली, आपण माध्व ब्राह्मण, घरात कांदा मोजून येतो, आणि तुम्ही मासे धरायची पिशवी शिवणार. मी तिला पुन्हा एकदा समजावलं की आम्ही मासा धरून, पाहून, परत सोडतो. क्लबच्या परमिटवरच तसं लिहिलेलं आहे. ती म्हणाली, सोडायचाच तर धरता कशाला. या प्रश्नाला उत्तर देण्यात अर्थ नसतो.

२८ जानेवारी, रविवार.
मालोजीराव नदीवर गेले नाहीत. दुकानात काम आहे म्हणाले. रविवारी कॉफी पावडरच्या दुकानात कसलं काम? असो.
माझा वेळ वाया गेला नाही. बाजारी जाळ्याला नायलॉनच्या गाठी असतात, त्या माशाला खरचटतात. आपली पिशवी मऊ पाहिजे. उपाय सुचला: मच्छरदाणीचं कापड. इतकं साधं आणि कुणाला सुचलं नाही.

३० जानेवारी.
रंगराव टेलरकडे गेलो. अडचण अशी की रंगराव विठ्ठलाचे भक्त, गळ्यात तुळशीची माळ. माशांची पिशवी आहे म्हटलं तर मशीन थांबवतील. म्हणून सांगितलं, झोळी शिवायचीय. खोल, मऊ, मजबूत. ते एकदम खूश झाले. माप घेताना का हसत होते कळलं नाही.

४ फेब्रुवारी, रविवार.
झोळी आली. शिलाई सुंदर. जुन्या सायकलच्या रिममध्ये बसवली, बांबू लावला. घराच्या संपमध्ये, म्हणजे जमिनीतल्या पाण्याच्या टाकीत, चाचणी. मासा म्हणून स्वयंपाकघरातला कोहळा घेतला. आकार बराच जुळतो.
निष्कर्ष: मच्छरदाणीच्या भोकांतून पाणी बाहेर जायला फार वेळ घेतं. जाळं वर उचलेना, संप उचलत असल्यासारखं वाटलं. जोर लावला तेव्हा बांबू सटकला आणि कोहळा संपच्या कठड्यावर आपटून फुटला. कमलाक्षी दारात उभी होती. त्या कोहळ्याचे सांडगे घालायचे होते म्हणे. आधी सांगायला हवं होतं.
पाठ धरली आहे.

७ फेब्रुवारी.
वैताग. नंजनगूडहून आमच्या मुलीच्या, गोदाच्या, सासूबाईंचा फोन. सूनबाईंची गोड बातमी आम्हाला टेलरकडून कळावी का, असं विचारत होत्या. कमलाक्षीला काही कळेना. गोदा सासरी, तिला स्वतःलाच काही माहीत नाही. शेवटी धागा रंगरावांपर्यंत गेला, आणि तिथून माझ्यापर्यंत. मी झोळी म्हटलं होतं. पाळणा म्हटलं नव्हतं. लोक स्वतःच अर्थ काढतात.
गोदाने फोनवर मला फक्त एवढंच विचारलं, अप्पा, तुम्ही ठीक आहात ना.
कमलाक्षी दोन्ही वेळा वाढते, पण बोलत नाही. मालोजीरावही बोलत नाहीत. एका चांगल्या कामामागे किती विरोध असतो, हे आता कळतं.

१४ फेब्रुवारी.
मेहुणा हयग्रीव बेंगळुरूला असतो. त्याच्याकडून स्पोर्ट्सच्या दुकानातलं फोल्डिंग नेट मागवलं होतं, ते आज ऑफिसच्या पत्त्यावर आलं. घरी पाठव असं सांगायची सध्या सोय नाही.
बटन दाबलं की उघडतं. फार उत्तम यंत्रणा. दाबलं, आणि ते समोर उभ्या असलेल्या मॅनेजरच्या डोक्यावर उघडलं. चष्मा आत, मॅनेजर बाहेर. त्यांनी शांतपणे चष्मा काढून घेतला आणि विचारलं, तुमची रिटायरमेंट कधी आहे. मी सांगितलं, अजून सहा वर्षं. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.
शिवाय जाळं लहान. टेनिसचे चेंडू गोळा करायला ठीक. त्या माशाचं डोकंसुद्धा जाणार नाही.

२५ फेब्रुवारी, रविवार.
मालोजीराव स्वतः घरी आले. मला वाटलं जाळ्याच्या प्रगतीची चौकशी करायला आले असतील. कमलाक्षीने कॉफी दिली, ती त्यांच्याच पावडरची. ते म्हणाले, दुकान विकलं. मुलगा बेळगावला बोलावतोय, युगादी झाली की जाणार. कायमचे.
मी काहीतरी बोललो असेन. आठवत नाही.
मग ते म्हणाले, जाण्याआधी एकदा जाऊन येऊ. तो मासा अजून त्याच डोहात आहे, त्यांना दिसला होता. तो एकदा हातात घेऊन, बघून, सोडायचा आहे. बस्स.
पुढे त्यांनी मला समजावलं की जाळं कुठलंही चालेल. पाण्यात बुडवून धरायचं आणि सुम्मने उभं राहायचं, काही न करता. माशाला जाळ्यावर आणायचं काम त्यांचं. त्याच्या मागे जायचं नाही.
मी मान हलवली. जुन्या पिढीची ही पद्धत आहे. माझ्याहून तीनच वर्षांनी मोठे, पण विचार जुने. जाळं कुठलंही चालेल असं म्हणणाऱ्या माणसाला योग्य जाळं हातात दिल्यावरच पटेल. आता हे माझ्यावर आहे.

३ मार्च, रविवार.
कुवेंपुनगरातल्या ग्रिलच्या वर्कशॉपमध्ये लोखंडी कडं वेल्डिंग करून घेतलं. आत एक माणूस सहज उभा राहील. वेल्डिंगवाल्याने विचारलं, विहिरीला का. मी हो म्हटलं. झोळीचा अनुभव ताजा आहे, पण विहिरीतून काही अफवा निघायची शक्यता कमी.
पिशवी: व्हॉलीबॉलचं नेट दुहेरी करून. भोकं मोठी, पाणी जाईल. खोल, मासा बाहेर उडी मारणार नाही. दांडा: जी.आय. पाइप. एकूण वजन थोडं आहे. पण मजबुतीला वजन असतंच.
अखेर योग्य जाळं. खरं सांगायचं तर पेटंट घ्यायला हरकत नाही.
कमलाक्षीने आज बऱ्याच दिवसांनी आपणहून एक प्रश्न विचारला. तुम्हाला पोहता येतं का? मी म्हटलं, जाळंवाला गुडघाभर पाण्यात उभा असतो, पोहण्याचा प्रश्नच येत नाही. ती म्हणाली, मी ते विचारलं नाही.

१० मार्च, रविवार.
जाळं स्कूटरवर नेऊन पाहिलं. कडं पाठीवर अडकवलं. वाऱ्याने स्कूटर आपोआप डावीकडे जाऊ लागली. मला आणि जाळ्याला एका रिक्षावाल्याने थांबवलं, म्हणजे मी त्याच्या रिक्षाला लागून थांबलो. तो कन्नडमध्ये जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही.
घरी कमलाक्षीने जाळं तुळशीच्या बाजूला ठेवू दिलं नाही. गच्चीवर ठेवलं. शेजारचे तिरुमलराव विचारून गेले, टीव्हीचा नवीन अँटेना का, चॅनेल किती येतात.
पुढच्या रविवारी जायचं. व्यायाम: रोज सकाळी जाळं उचलणे. उद्यापासून.

१६ मार्च, शनिवार.
व्यायामाला वेळ मिळाला नाही. मार्च एंडिंग. पण मनाने पूर्ण तयार. मालोजीरावांना फोनवर सांगितलं, या वेळी मासा जात नाही. ते म्हणाले, गेला तर जाईल रे, तू ये फक्त.
हा निराशावाद मला पटत नाही.

१८ मार्च, सोमवार. सिक लीव्ह.
काल जे झालं ते नीट क्रमाने लिहितो.
गाडीच्या टपावर जाळं बांधून गेलो. मालोजीरावांनी ते पाहिलं, कड्याभोवती एक फेरी मारली, काही बोलले नाहीत. मी याला मूक संमती समजलो. दुपार उलटून गेल्यावर मासा लागला. तोच. पाण्याखाली तो वळला तेव्हा पूर्ण डोह हलल्यासारखा वाटला. मालोजीरावांचा रॉड वाकला, ते काठाने मागेपुढे चालत राहिले, कपाळावर घाम. त्यांना तसं खूश मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.
मासा दमला. काठाकडे यायला लागला. ते म्हणाले, सुम्मने उभा राहा, मेल्ल, हळू, मी आणतो.
मी उभा होतो. पण मासा माझ्यापासून थोडा पलीकडे थांबला. दोन पावलं पुढे गेलं तर सहज आत येईल, असं कुणालाही वाटलं असतं. मी गेलो. एक पाऊल गुडघाभर पाण्यात पडलं. दुसऱ्याला खाली जमीनच नव्हती.
मग प्रवाहाने जाळं धरलं. पिशवी फुगली. जाळं निघालं आणि मी दांड्याला धरून त्याच्यामागून. सोडून द्यायला हवं होतं हे आता पलंगावर बसून कुणीही सांगेल. त्या वेळी मला इतकंच सुचत होतं की एवढ्या मेहनतीची वस्तू आहे.
पाणी नाकातोंडात गेलं. वर सूर्य दिसला, मग हिरवं दिसलं, मग परत सूर्य. कमलाक्षीने विचारलं होतं ते नेमकं आठवलं.
शर्टाची कॉलर कुणीतरी धरली. मालोजीराव छातीभर पाण्यात होते, बूट, घड्याळ, सगळ्यासकट. त्यांनी मला ओढत वाळूवर आणून टाकलं आणि पोटावर पालथा केला. बोलता आलं तेव्हा मी पहिलं विचारलं, मासा?
रॉड त्यांच्या हातात नव्हता. टाकून दिला होता. मासा दोरीसकट, रॉडसकट गेला होता. तो रॉड त्यांच्या वडिलांचा.
ते माझ्याशेजारी बसले. कितीतरी वेळ धापा टाकत होते. मग म्हणाले, "मासा काय, सोडायचाच होता."
परत येताना गाडीत मालोजीरावच बोलत होते. दुकानाबद्दल, नातवाबद्दल. मी गप्प होतो. ओल्या कपड्यांमुळे.
माझं जाळं खालच्या बाजूला वाहून गेलं. तांत्रिकदृष्ट्या ते यशस्वी ठरलं असं म्हणता येईल. पूर्ण माणसाचं वजन घेऊनही कुठे फाटलं नाही.
ताप आहे. कमलाक्षीने सुंठेचा कषाय दिला. मी झोपलोय असं समजून बराच वेळ उशाशी बसून होती.

२४ मार्च, रविवार.
मालोजीराव गेले. मी आणि कमलाक्षी स्टेशनवर गेलो. तिने वाटेसाठी दहीभात आणि चटणीपूड बांधून दिली. तिच्याशी ते पुष्कळ बोलले.
मी त्यांना दोषाचं मूळ समजावून सांगितलं: पिशवी प्रमाणापेक्षा खोल झाली, त्यामुळे पाणी धरलं. तिसऱ्या भागाने कमी करायला हवी. ते लक्ष देऊन ऐकत होते. गाडी सुटायच्या वेळी खिडकीतून माझा हात धरला आणि म्हणाले, "बिंदू, आधी पोहायला शीक."
विषयांतर. प्रवासाच्या गडबडीत माणसाचं चित्त एका ठिकाणी राहत नाही.
गाडी गेल्यावर प्लॅटफॉर्मवर थोडा वेळ थांबलो. कमलाक्षीनेही चला म्हटलं नाही.

३० मार्च, शनिवार.
संकल्प: खंड पडता कामा नये. मालोजीराव नाहीत म्हणून माझं अँगलिंग थांबणार नाही. इतकी वर्षं मी नदीवर जातोय, डोह न् डोह पाठ आहे. तो मासा मीच पाहणार आणि फोन करून त्यांना कळवणार. उद्या पहाटेच्या बसने. फोल्डिंग नेट न्यायचं. छोटं आहे, पण हाताळायला सोपं. कमलाक्षीला गुडघ्याच्या पुढे जाणार नाही असं वचन दिलं आहे.

३१ मार्च, रविवार.
सरगूरची बस वेळेवर मिळाली. वळणापर्यंत चालत गेलो. पँट दुमडली, पाण्यात उतरलो. बटन दाबलं, नेट नीट उघडलं. पाण्याखाली धरलं आणि न हलता उभा राहिलो, अगदी सांगितल्यासारखा. या वेळी काहीही चुकलं नाही.
बराच वेळ गेला. पलीकडे एक बाई कपडे धूत होती. तिने कन्नडमध्ये विचारलं, काय करताय. मी सांगितलं, मोठा मासा घ्यायला उभा आहे.
ती म्हणाली, "आणि धरतंय कोण?"
मी काठाकडे वळून पाहिलं. माझी पिशवी होती, त्यात दहीभाताचा डबा, टॉवेल. रॉड नव्हता. माझ्याकडे रॉड कधी नव्हताच. इतक्या वर्षांत मी एकदाही गळ टाकलेला नाही, हे तिला सांगायचं कारण नव्हतं.
डबा खाल्ला. दुपारच्या बसने परत आलो.
संध्याकाळी एस.टी.डी. बूथवरून बेळगावला फोन लावला. म्हटलं, सुरुवात करणाऱ्याने रॉड कुठला घ्यावा ते विचारू. सुनेने उचलला. म्हणाली, मामंजी सकाळपासून नदीवर गेलेत.
कोणाबरोबर, ते मी विचारलं नाही.