खिळ्यावरचे दोन पाव

बुर्सा, १२ ऑक्टोबर १९९१

ती. उल्वियेताईस,
धाकट्या राइफचा सा. न. वि. वि.

तुझा नातू सेझगिन लष्करात निघाला हे वाचलं. मला माझी भरती आठवली. बल्गेरियन पोरांना बंदुका दिल्या, आम्हा तुर्कांना फावडी! दोन वर्षं रस्ते खणले. शाळेतल्या कविता मी फावड्याच्या ठेक्यावर म्हणायचो, आणि मुकादम म्हणायचा की कवी, यमक जुळलं असेल तर आता माती उचल.

पोराच्या हातात काय दिलं, शपथविधीला कोणत्या नावानं पुकारलं, ते जरूर कळव. सहा-सात वर्षांपूर्वी सरकारनं आम्हा तुर्कांची नावं सक्तीनं बदलली, त्याचा सेर्गेय केला नि माझा रायको. आता नावं परत दिली म्हणतात. भर मैदानात पुकारलं तरच मी खरं मानीन.

मला ये म्हणतेस. ताई, एकोणनव्वदच्या जूनमध्ये दोन बोचक्यांनिशी बल्गेरियातून इकडे तुर्कस्तानात घालवून दिलेला माणूस स्वतःच्याच गल्लीत पाहुणा म्हणून कसा येऊ? दारातली तुती तरी मला ओळखेल का?

लोभ जुनाच आहे, तो शिळा होऊ देऊ नकोस.
तुझा राइफ

कर्जाली, ८ डिसेंबर १९९१

चि. राइफ यास अनेक आशीर्वाद.

तुतीला शेळीनं सोलून ठेवलंय, तिला स्वतःचीच शुद्ध नाही, तुला काय ओळखणार! आता ऐक. शपथविधीला आम्ही सगळे गेलो. अधिकाऱ्यानं खड्या आवाजात सेझगिन म्हणूनच पुकारलं. हातात बंदूक होती रे, फावडं नव्हे! शेजारची बल्गेरियन आई मला रुमाल देत म्हणाली, बाई, दीड वर्षाचा तर प्रश्न, रडता काय! मी कशासाठी रडतेय ते तिला काय सांगू?

घरून भरतीला निघताना रिवाजाप्रमाणे त्यानं पावाचा घास दातांनी तोडला. उरलेला मी फडक्यात बांधून खिळ्याला टांगला. परत आला की खाईल. शेजारच्या खिळ्यावर तुझा आहे, विसरलास? ट्रक सुरू झाला तेव्हा मीच तुझ्या तोंडात कोंबला होता. म्हटलं होतं, हे देश सोडणं नव्हे, भरतीच समज. तुझ्या पडक्या दाताची खूण त्यावर अजून आहे. शिपायाला परत यावंच लागतं. सेझगिन सुटेल तेव्हा ये. माझी सत्तरी उलटली, मी फार वेळा बोलावणार नाही.

तुझी ताई

कर्जाली, २० एप्रिल १९९३

चि. राइफ, आशीर्वाद.

घात झाला! सेझगिन गुरुवारी सुटून आला. मी तंबाखूच्या रोपांना पाणी घालत होते. पोरानं स्वतःच पाव काढला, दुधात भिजवून घास खाल्ला, उरलेला कोंबड्यांना टाकला. वर मला म्हणतो, आजी, दीड वर्षात याचा दगड कसा झाला? पाहते तर त्याचा पाव खिळ्यावरच! पठ्ठ्यानं तुझा चार वर्षांचा पाव खाल्ला.

सगळे पोट धरून हसले. मी मात्र चुलीपाशी जाऊन बसले. माणूस आला नाही नि पाव संपला, म्हणजे आता तू यायचाच नाहीस, असं मनात आलं. मग सेझगिन जवळ बसून म्हणाला, मामाआजोबांची भरती मी उरकली, माझी त्यांनी उरकावी. त्याचा पाव आता तुझ्या नावाचा. कवी, कारणं पुरे. ये.

वाट पाहणारी,
ताई

बुर्सा, ३० मे १९९३

ती. ताईस सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो, पण डोळे मिटले की तुझ्याच ओट्यावर असतो. सरहद्दीवरच्या शिपायानं पासपोर्ट पाहून मला राइफ म्हणून हाक मारली, हे तुला दहादा सांगितलं, हे अकरावं. एकोणनव्वदला देश सोडताना त्याच फाटकात मी रायको होतो. आणि तुझ्या त्या सोललेल्या तुतीनं माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर जांभळा शिक्का मारला. धुवायला टाकलेला नाही.

सेझगिनच्या पावानं माझा आणखी एक दात नेला. सुनेला मी अक्रोडाचं नाव सांगितलंय. तू सांभाळून घे.

परत निघताना बसपाशी मी खिशातला ताजा पाव तुझ्या तोंडात कोंबला, तेव्हा चारचौघांत मला गाढव म्हणालीस. तो पाव आता आमच्या स्वयंपाकघरात, पाचव्या मजल्यावर खिळ्याला टांगलाय. सून मुंग्यांच्या नावानं ओरडते. तिला बजावलंय, आमच्या ताईची भरती निघाली आहे, हात लावायचा नाही. घासावर तुझे दोनच दात उमटलेत, तेव्हा या खेपेला अदलाबदल व्हायची भीती नाही.

तू इथं कधी आलीच नाहीस, हे खरं. पण तुझा पाव आधी येऊन वाट बघतोय. दूध मी तापवून ठेवतो.

तुझा गाढव,
राइफ