सत्तर ग्रॅम

१७ नोव्हेंबर, सोमवार. दिवेलागण.

आज नको ते केलं. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा गळ्यातलं इष्टलिंग काढलं आणि चांदीच्या डबीसकट शेंगदाणे तोलायच्या काट्यावर ठेवलं. सत्तर ग्रॅम. आठव्या वर्षी दीक्षा झाली तेव्हापासून कधी अंगावेगळं केलं नव्हतं.

पण मान तीन वर्षं दुखायलीय. पोतं उचलताना धरली ती धरलीच. बिदरचा डॉक्टर म्हणतो, आतली इजा कधीच भरून आलीय, आता नसांना न् मेंदूलाच धोक्याची सवय लागलीय; नुसता दोरा लागला तरी ते दुखणं उठवतात. राग आला. म्हणजे मी सोंग करायलोय व्हय? म्हटलं, डबीचंच ओझं असंल.

डबी धुतलेल्या रुमालावर ठेवून दोन तास रिकाम्या गळ्यानं बसलो. दुखणं तिथंच. दोरा असतो त्याच रेघेवर, दोरा नसताना.

तेवढ्यात अव्वा चहा घेऊन आली. मानेकडं बघून थबकली.

"कामून रे, लिंग कुठंय?"

"दोरा बदलायलोय, अव्वा."

सरळ खोटं बोललो आईशी. तिनं काट्याकडं बघितलं, रुमालाकडं बघितलं. डबी दोन्ही हातांनी उचलून डोळ्यांना लावली आणि स्वतः माझ्या गळ्यात घातली. तिचा हात नुसता टेकला तरी कळ डोक्यात गेली.

मग हळूच म्हणाली, "जड व्हायलंय व्हय?"

न्हाई म्हणालो. हे मात्र खोटं नव्हतं; म्हणजे डॉक्टरचंच खरं, आणि त्याचाच घोर लागलाय.