व्हर्नाची आरोळी

आदरणीय लॉरेनताईंना ओरेस्टचा सादर नमस्कार.

तुमचा गुडघा या थंडीत फार कुरकुरत नसेल अशी आशा आहे. आम्ही ठीक आहोत. ‘लॉरेनला काही कळवू नकोस, ती रडत बसेल,’ अशी तंबी तुमच्या धाकट्या बहिणीनं, व्हर्नानं, मला दिली आहे, म्हणून हे सविस्तर कळवतो.

केमोचं सलाईन घेऊन घरी आल्यावर व्हर्नानं मटार काढायला फ्रीजर उघडला. गार हवा घशात गेली मात्र, जबडा आखडला, जीभ जड झाली आणि माझ्या नावाचा पार लगदा करून तिनं मला हाक मारली. मला वाटलं, अर्धांगवायूच! तिला तशीच उचलून गाडीत घातली. (बाहेर उणे तीस. माझ्या पायात घरातल्या सपाता.) इस्पितळापर्यंत तिला एक शब्द धड बोलता येईना. तिथल्या तेरेसिता नर्स म्हणाल्या, “अहो, गारठ्यानं झालं आणि तुम्ही हिला गारठ्यातच काढलंत?” या औषधानं क्वचित कुणाला असं होतं म्हणे. घसा बंद झाल्यासारखा वाटतो, पण होत नाही. तोंडावर मफलर, कोमट पाण्याचे घोट, पुढचं सलाईन हळू सोडायचं. आणि खरंच श्वास अडकला तर मात्र ताबडतोब फोन.

आता तुम्हीच सांगा, हिच्यासारख्या कर्लिंगच्या कप्तानाला तोंड बंद ठेव म्हणायचं कसं? दगड बर्फावरून सरकतो, तो लांब जावा म्हणून झाडूवाले खाली मान घालून त्याच्यापुढचा बर्फ झाडतात आणि कप्तान पलीकडून बोंबलतो, यालाच तर आपल्याकडे खेळ म्हणतात! त्यात अंतिम सामना तोंडावर आलेला. व्हर्ना म्हणाली, “ओरडता येणार नसेल तर उरलेली सलाईनं गेली खड्ड्यात.” ताई, ती बोलते तसं करते.

सामन्याला ती डोळ्यांपर्यंत मफलर गुंडाळून, झाडूनं खुणा करत उभी राहिली. शेवटचा दगड माझा. मी तो नेहमीसारखाच हळू सोडला. (त्यावर आमचं वेगळं भांडण झालं आहे.) झाडणाऱ्या मार्लिस आणि डोरीन मान वर करतील तर शपथ! तेव्हा व्हर्नानं मफलर खाली ओढला आणि ओरडली. काय ओरडली देव जाणे. कुंपणात अडकलेली गाय तशी ओरडते. पण दोघींनी जिवाच्या आकांतानं झाडलं आणि दगड बरोबर वर्तुळाच्या मधोमध थांबला!

“तुम्हाला कळलं तरी काय?” मी मार्लिसला विचारलं.

“हिचा एक शब्द तरी आजवर कुणाला कळलाय का? सुरावरून कळतं!”

व्हर्ना कोमट पाण्याचा घोट घेत हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना पाजायची आपली रीत. पण गार्थच्या हरलेल्या संघानं बिअर बाजूला सारून तिच्याबरोबर गरम पाणीच मागवलं. बिअरशिवाय कशाला शिवत नाही त्या गार्थनं, ताई! काय बाई आहे ही व्हर्ना! मला तिचा फार अभिमान वाटला. गुरुवारी सलाईनला जाते म्हणाली.

तुमचा,
ओरेस्ट

ता. क. खरं काम असं, की गुरुवारी तिच्याजवळ बसायला याल का? मागच्या वेळी सुई बघून मीच आडवा झालो. सलाईन तिला आणि पांघरूण मला.

ता. क. आणखी एक. तुम्ही यावं असं ती तोंडानं म्हणालेली नाही. पण मी लिहायला बसलो तेव्हा टेबलावर पाकीट तयार होतं. तिकीट लावलेलं, वर तुमचा पत्ता, तिच्याच अक्षरात.